एलएस१ इंजिनात नवा कॅमशाफ्ट बसवताना हेड गॅस्केट बदलणे

जनरल मोटर्सचे ५.७ लिटरचे एलएस१ इंजिन १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये प्रथम आले आणि १९९८ पासून ते शेव्हरोले कमॅरो व पॉन्टियाक फायरबर्ड या गाड्यांतही मिळू लागले. अमेरिकेत राहणाऱ्या आणि घरच्या गॅरेजमध्ये जुन्या गाडीवर हात चालवणाऱ्या मराठी मंडळींपैकी ज्यांच्याकडे यातली एखादी गाडी आहे, त्यांच्या मनात ताकद वाढवण्याचा विचार आला की पहिले नाव कॅमशाफ्टचेच (थोडक्यात कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या उंचवट्यांचा दांडा) निघते, आणि ते योग्यही आहे, कारण या इंजिनाच्या हेडमधून, म्हणजे सिलिंडरांवरच्या व्हॉल्व्ह असलेल्या भागातून, हवा मुबलक वाहते, पण मूळचा सौम्य कॅम तिचा पुरता उपयोग करू देत नाही. पुढचे विवेचन १९९८ ते २००२ या काळातली कमॅरो डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. कॉर्व्हेटमध्ये इंजिन तेच असले, तरी क्रँकच्या (पिस्टनांनी फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) पुलीपर्यंत पोहोचण्यासाठी स्टिअरिंगची रॅक खाली घ्यावी लागते, एवढा फरक तिच्या मालकांनी लक्षात ठेवावा.

हेड न उतरवता का चालत नाही

या इंजिनात हेड जागेवर ठेवूनही कॅम बदलता येतो, असे तुम्हाला अनेक जण सांगतील, आणि ते खोटे नाही. कॅमच्या उंचवट्यांवर टेकणारे सोळा लिफ्टर चार प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये, प्रत्येक ट्रेमध्ये चार याप्रमाणे बसलेले असतात. लिफ्टरची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणारे रॉकर आणि पुशरॉड काढून कॅम हाताने फिरवला की लिफ्टर वर ढकलले जातात आणि ट्रेच्या पकडीने वरच अडकून राहतात, त्यामुळे कॅम पुढून सरळ ओढून घेता येतो. मात्र ही सारी भिस्त वीस-पंचवीस वर्षे गरम तेलात भिजलेल्या प्लॅस्टिकवर असते. पकड सैल झालेली असेल तर कॅम बाहेर येताच एखादा लिफ्टर खाली घसरतो, कॅमच्या बोगद्यातून थेट ऑइल पॅनमध्ये जातो आणि मग पॅन उतरवण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की लिफ्टर आणि त्यांचे ट्रे हेडच्या खाली दडलेले असतात आणि हेड उतरवल्याशिवाय ते बाहेर काढताच येत नाहीत. जास्त उचल असलेल्या नव्या कॅमवर आणि ताठ स्प्रिंगांच्या दाबाखाली दीड-दोन लाख किलोमीटर चाललेला लिफ्टर तसाच ठेवणे मला मान्य नाही. त्याच्या रोलरमधल्या सुया झिजलेल्या असतील, तर रोलर फिरायचे थांबून कॅमचा उंचवटा खरवडतो आणि त्या लोखंडाचा कीस तेलाबरोबर प्रत्येक बेअरिंगपर्यंत पोहोचतो. म्हणून भरपूर चाललेल्या एलएस१ मध्ये कॅम बदलायचा, तर लिफ्टर बदलायचे, लिफ्टर बदलायचे तर हेड उतरवायचे आणि हेड उतरवले तर दोन्ही गॅस्केट आणि हेडचे बोल्ट नवे घालायचे, असा हा एकच क्रम आहे. शिवाय हेड गॅस्केट म्हणजे केवळ गळती थांबवणारे पॅकिंग नव्हे. त्याची जाडी कॉम्प्रेशन (सिलिंडरात हवा किती दाबली जाते ते), व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांमधले अंतर आणि पुशरॉडची लांबी या तिन्ही गोष्टी ठरवते, म्हणून कॅम निवडतानाच गॅस्केटचाही विचार व्हायला हवा.

सामान मागवण्यापूर्वी

आधी इंजिनाची तब्येत तपासून घ्यावी. गरम इंजिनावर आठही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजावे आणि शक्य असल्यास हवा भरून गळतीची चाचणीही करावी. एखाद्या सिलिंडरच्या रिंगा गेलेल्या असतील, तर नव्या कॅमवरचा खर्च आणि श्रम वाया जातील. हे आकडे लिहून ठेवावेत, कारण काम झाल्यावर तुलनेसाठी तेच उपयोगी पडतात.

रोजच्या वापरातल्या गाडीसाठी माझी पसंती मध्यम कॅमला आहे. मूळ कॅमची उचल, म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडतो ते, सुमारे १२.७ मिमी आणि ०.०५० इंच उचलीवर मोजलेला कालावधी, म्हणजे क्रँकच्या किती अंशांपर्यंत तो उघडा राहतो ते, २०० अंशांच्या आसपास असतो. त्याऐवजी २२० ते २२४ अंश कालावधीचा, १४.५ मिमीच्या आसपास उचलीचा आणि उंचवट्यांमधला कोन ११२ ते ११४ अंश असलेला कॅम घेतला, तर ताकद जाणवण्याइतकी वाढते आणि सिग्नलवर इंजिन अडखळतही नाही. कॅमबरोबर त्याच्या उचलीला पुरेशा स्प्रिंगा, रिटेनर, व्हॉल्व्हच्या दांड्यांची सीले, सोळा लिफ्टर, चार ट्रे, नवी टायमिंग चेन, क्रँकच्या पुलीचा नवा बोल्ट, पुढच्या कव्हरचे सील, पाण्याच्या पंपाची गॅस्केटे आणि इनटेक मॅनिफोल्डची गॅस्केटे मागवावीत. पुशरॉड मात्र आत्ता मागवू नयेत. त्यांची लांबी मोजल्यानंतरच ठरते.

एक कायदेशीर बाबही इथेच सांगून ठेवतो. अमेरिकेत रस्त्यावर चालणाऱ्या गाडीच्या उत्सर्जन-यंत्रणेत ढवळाढवळ करण्यास संघराज्याचा कायदा मनाई करतो, आणि कॅलिफोर्नियात तर त्या राज्याच्या हवा मंडळाने मान्यतेचा क्रमांक दिलेला कॅमच वापरता येतो. आपल्या राज्यातला नियम पाहूनच कॅम निवडावा.

खोलण्याचे काम

बॅटरी सोडवावी, इंधनाच्या नळीवरच्या व्हॉल्व्हमधून दाब सोडून द्यावा आणि इंजिन पूर्ण थंड असतानाच कूलंट काढावे. केवळ रेडिएटर रिकामा करून भागत नाही. ब्लॉकच्या बाजूचा ड्रेन प्लगही उघडावा, कारण ब्लॉकमध्ये पाणी शिल्लक राहिले तर हेड उचलताक्षणी ते सिलिंडरांत आणि हेडबोल्टच्या भोकांत उतरते. हा कंटाळा पुढे फार महागात पडतो आणि त्याचे कारण बोल्टच्या भागात सविस्तर येईल.

कॅम पुढच्या बाजूने सरळ निघतो, म्हणून रेडिएटर आणि पंखे काढून जागा मोकळी करावी. इनटेक मॅनिफोल्ड उचलल्यावर त्याखालच्या पोकळीत दोन नॉक सेन्सर दिसतात. त्यांच्या रबरी टोप्यांतून पाणी शिरून मागचा सेन्सर गंजलेला बऱ्याचदा आढळतो, तेव्हा हाताशी आलाच आहे तर बदलून टाकावा. हेडना जोडणाऱ्या वाफेच्या नळ्या सोडवून त्यांची पॅकिंगे नवी घ्यावीत. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या बोल्टांना आदल्या रात्री गंज सैल करणारे तेल मारून ठेवावे. मागच्या टोकाचे बोल्ट तुटण्याची खोड या इंजिनाला आहे, आणि कमॅरोत इंजिनाचा मागचा भाग काचेच्या खाली गेलेला असल्याने तिथे तुटलेला बोल्ट काढणे फार जिकिरीचे होते.

रॉकर आणि पुशरॉड काढताना ते कोणत्या जागेचे होते याची खूण ठेवावी. पुठ्ठ्याला सोळा भोके पाडून त्यांवर आकडे घालणे पुरते. त्यानंतर हेडचे बोल्ट घट्ट करण्याच्या उलट क्रमाने, म्हणजे बाहेरून आत येत, दोन-तीन फेऱ्यांत सैल करावेत. आतल्या कडेचे पाच एम८ (८ मिमी व्यासाचे) बोल्ट विसरून हेडखाली पहार घालू नये. ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर पहारेचा एक ओरखडा उठला, तरी नवे गॅस्केट तिथे गळू शकते. हेड चिकटून बसले असेल, तर पोर्टमध्ये लाकडी दांडा घालून हलकेच हिसका द्यावा. उतरवलेले हेड व्हॉल्व्हच्या बाजूवर न ठेवता लाकडाच्या दोन ठोकळ्यांवर आडवे ठेवावे.

जुने गॅस्केट काय सांगते

जुने गॅस्केट लगेच कचऱ्यात टाकू नये. ते उजेडात धरून दोन्ही बाजूंनी नीट पाहावे. सिलिंडरभोवतीची कडी सगळीकडे सारख्या रंगाची असेल, तर सील व्यवस्थित होते. एखाद्या ठिकाणी काजळीची पट्टी कडी ओलांडून बाहेर गेलेली दिसली, तर तिथून जळलेला वायू निसटत होता. दोन सिलिंडरांमधल्या अरुंद पट्टीवर असा डाग असेल, तर त्या जागेचे हेड आणि ब्लॉक दोन्ही सरळ पट्टीने तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. एखाद्या पिस्टनचा माथा शेजारच्या पिस्टनांपेक्षा लख्ख धुतल्यासारखा दिसत असेल, तर त्या सिलिंडरात कूलंट झिरपत होते असे समजावे, कारण पाण्याची वाफ काजळी साफ करते.

लिफ्टरही हातात घेऊन पाहावेत, ते तुम्ही बदलणार असलात तरी. रोलर बोटाने फिरवला असता खरखर लागते का, आडवा हलवला असता किती खेळ आहे आणि त्याच्या पृष्ठभागावर खड्डे पडले आहेत का, हे पाहिले की ऑइलची अवस्था आणि कॅमच्या बेअरिंगांबद्दलही अंदाज येतो. खड्डे सापडले, तर ऑइलचा फिल्टर कापून त्याचा कागद उलगडावा. त्यात लोखंडाचा कीस चमकत असेल, तर कॅमचे काम तिथेच थांबवून इंजिन पूर्ण उघडावे लागेल.

पृष्ठभाग

एलएस१ साठी मी कित्येक पत्र्यांच्या थरांचे पोलादी गॅस्केट, म्हणजे ज्याला बाजारात एमएलएस म्हणतात, तेच घालावे असे सांगेन. हे गॅस्केट चांगले टिकते, पण त्याला सपाट आणि गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. मऊ गॅस्केटप्रमाणे ते खाचाखोचा भरून काढत नाही.

ॲल्युमिनियमवरचे जुने अवशेष काढायला प्लॅस्टिकची किंवा धार बोथट केलेली पट्टी आणि गॅस्केट विरघळवणारे रसायन वापरावे, आणि त्याला मुरायला पुरेसा वेळ द्यावा. ड्रिलला लावायच्या खरखरीत चकत्या किंवा ब्रिसलच्या तबकड्या इथे अजिबात वापरू नयेत. जनरल मोटर्सने स्वतः सेवा-सूचना काढून या चकत्यांना मनाई केली आहे, कारण त्यांतून सुटणारी ॲल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी ऑइलमध्ये मिसळून बेअरिंग खाऊन टाकते. शिवाय त्या चकत्या ॲल्युमिनियममध्ये डोळ्यांना न दिसणारे खळगे पाडतात. घासताना सिलिंडर आणि लिफ्टरची पोकळी स्वच्छ फडक्यांनी बंद ठेवावी, आणि फडकी काढल्यावर सिलिंडर तेल लावलेल्या कापडाने पुसून घ्यावेत.

पृष्ठभाग स्वच्छ झाला की अचूक सरळ पट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून तिच्याखाली फिलर गेज घालून पाहावे. संपूर्ण लांबीत ०.१ मिमीची पाती आत जात असेल, तर हेड मशीन शॉपला द्यावे आणि त्यांना हे एमएलएस गॅस्केटसाठी आहे हे स्पष्ट सांगावे, म्हणजे ते पुरेसा गुळगुळीत पृष्ठभाग करून देतील. हेड तिथे गेलेच आहे, तर व्हॉल्व्हची बैठक घासून घेणे आणि नव्या स्प्रिंगा बसवून घेणेही सोयीचे पडते. स्प्रिंग पूर्ण उचलीला दबल्यावर तिचे वेढे एकमेकांना टेकण्याआधी किमान १.५ मिमी मोकळे राहिले पाहिजे, हे त्यांच्याकडून मोजून घ्यावे.

कॅम आणि चेन

क्रँकच्या पुलीला या इंजिनात चावी नसते. ती निव्वळ घट्ट बसण्यावर आणि बोल्टच्या ताणावर फिरते, म्हणून तिचा बोल्ट पुन्हा वापरायचा नसतो. तीन नख्यांच्या पुलरने पुली ओढून घ्यावी, पुढचे कव्हर काढावे आणि चेन बदलायची असल्याने ऑइल पंपही उतरवावा. चेन काढण्यापूर्वी क्रँक फिरवून कॅमच्या चाकीवरचा ठिपका खाली, म्हणजे घड्याळातल्या सहाच्या जागी, आणि क्रँकच्या चाकीवरचा ठिपका वर, बाराच्या जागी आणावा.

लिफ्टर बाहेर आलेले असल्याने कॅम निघताना आता कसलीच धाकधूक नाही. चाकीच्या भोकांत तीन लांब एम८ बोल्ट घालून त्यांची मूठ करावी आणि कॅम सावकाश फिरवत सरळ रेषेत ओढावा. उंचवट्यांच्या कडा बेअरिंगांच्या मऊ धातूवर घासू देऊ नयेत. नवा कॅम असाच, बेअरिंगच्या जागी इंजिन ऑइल आणि उंचवट्यांवर जोडणीचे वंगण लावून आत सरकवावा. कॅमला पुढून धरून ठेवणारी पत्र्याची पट्टी तेलाचे मार्ग आपल्या रबरी कडेने बंद करते. ती कडा दबलेली किंवा कडक झालेली असेल, तर पट्टी नवीच घ्यावी आणि तिचे बोल्ट २५ न्यूटन-मीटरला आवळावेत. चाकीचे तीन बोल्ट ३५ न्यूटन-मीटरला घ्यावेत.

ऑइल पंप परत लावताना तेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडावरच्या ओ-रिंगकडे विशेष लक्ष द्यावे. ती चिमटली किंवा चुकीच्या जाडीची निघाली, तर पंप तेलाबरोबर हवा ओढतो आणि नवे इंजिनसुद्धा दाबाअभावी काही मिनिटांत खलास होते. ती बसवताना तेल लावावे आणि नळी तिरकी न धरता सरळ आत दाबावी.

जाडी, अंतर आणि पुशरॉड

मूळ गॅस्केट दबल्यावर सुमारे १.३५ मिमी जाड असते. एलएस१ चा पिस्टन वरच्या टोकाला ब्लॉकच्या पृष्ठभागापेक्षा साधारण ०.२ मिमी वर येतो, म्हणजे पिस्टन आणि हेड यांच्यात जवळपास १.१५ मिमी फट उरते. १ मिमीचे गॅस्केट घातले तर ही फट ०.८ मिमीवर येते, आणि ती याहून कमी करण्याच्या मी विरोधात आहे.

कॉम्प्रेशनचा हिशेब सोपा आहे. एका सिलिंडरचे विस्थापन ७०८ घन सेंटिमीटर आहे. १०.१ या मूळ प्रमाणावरून पाहता पिस्टन वर असताना सुमारे ७७.८ घन सेंटिमीटर जागा उरते. गॅस्केट ०.३५ मिमी पातळ केले की त्यातले साधारण २.७ घन सेंटिमीटर कमी होतात आणि प्रमाण १०.४ च्या आसपास जाते. लांब कालावधीचा कॅम इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद करतो आणि त्यामुळे कमी वेगाला प्रत्यक्ष दाब घटतो. तो थोडासा भरून काढायला पातळ गॅस्केट उपयोगी पडते. पण त्याची किंमतही आहे, ती अशी की हेड ०.३५ मिमी खाली आल्याने व्हॉल्व्ह आणि पिस्टन तेवढेच जवळ येतात.

हे अंतर मोजल्याशिवाय इंजिन बंद करू नये. त्यासाठी पहिल्या सिलिंडरच्या दोन्ही व्हॉल्व्हना हलक्या तपासणी-स्प्रिंगा लावाव्यात, आणि लिफ्टर आतून घन केलेला वापरावा, कारण साधा हायड्रॉलिक लिफ्टर दाबाखाली खचतो आणि मोजमाप फसवे येते. जुने गॅस्केट आधीच दबलेले असल्याने या तात्पुरत्या जोडणीसाठी तेच घालावे, हेड जुन्या बोल्टांनी बेताचे आवळावे आणि लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या पुशरॉडने रॉकर शून्य मोकळिकीवर आणावेत. मग क्रँक हाताने फिरवत, एक्झॉस्ट व्हॉल्व्हसाठी पिस्टन वर पोहोचण्याच्या सुमारे १० अंश आधी आणि इनटेकसाठी सुमारे १० अंश नंतर थांबावे, डायल गेज व्हॉल्व्हच्या टोकावर धरावे आणि व्हॉल्व्ह पिस्टनला टेकेपर्यंत बोटाने दाबावा. गेज जेवढे सरकले तेवढे अंतर शिल्लक आहे. एक-दोन अंश पुढे-मागे करून सर्वांत कमी आकडा शोधावा आणि नवे गॅस्केट पातळ असेल तर जाडीतला फरक त्यातून वजा करावा. इनटेकला २ मिमी आणि एक्झॉस्टला २.५ मिमी उरले पाहिजेत. एक्झॉस्टला जास्त अंतर ठेवायचे, कारण तो व्हॉल्व्ह अधिक तापून लांबतो आणि वेगात त्याची स्प्रिंग मागे पडली तर पाठलाग करणारा पिस्टनच असतो. आकडा कमी आला, तर जाड गॅस्केट घ्यावे किंवा कॅम बदलावा. तिसरा मार्ग शोधू नये.

याच जोडणीत पुशरॉडचीही लांबी मिळते. मूळ पुशरॉड १८८ मिमीचा असतो, पण नव्या कॅमचे मूळ वर्तुळ, म्हणजे उंचवटा सोडून उरलेला गोल भाग, लहान असेल तर लिफ्टर खाली बसतो, गॅस्केट पातळ असेल तर हेड खाली येते, हेड घासले असेल तर आणखी खाली येते, आणि या सगळ्यांची बेरीज-वजाबाकी अंदाजाने होत नाही. शून्य मोकळिकीला मिळालेल्या लांबीतून गॅस्केटमधला फरक वजा करावा आणि लिफ्टर बनवणाऱ्याने सांगितलेला आतला दाब (लिफ्टरचा दट्ट्या किती मिमी आत दबलेला असावा ते) तीत मिळवावा. येणाऱ्या लांबीचे सोळा पुशरॉड आता मागवावेत. ते येईपर्यंत इंजिन झाकून ठेवावे.

अंतिम जोडणी आणि बोल्ट

आता हेडबोल्टच्या भोकांकडे वळू. ही भोके खाली बंद असतात. त्यांत पाणी किंवा तेल राहिले आणि वरून बोल्ट आला, तर द्रव दबत नाही आणि त्याला जायला वाटही नसते. बोल्टचा सगळा रेटा भोकाच्या भिंतींवर पडून ॲल्युमिनियमचा ब्लॉक तडकतो. हे एका बोल्टच्या एका वळणात घडते आणि त्यावर घरी करण्यासारखा उपाय नाही. म्हणून प्रत्येक भोकात लांब नळीने दाबाची हवा सोडावी, त्या वेळी डोळ्यांवर चष्मा असावा आणि भोकावर फडके धरावे, कारण आतले पाणी थेट चेहऱ्यावर उडते. नंतर एम११ आकाराच्या आटे साफ करणाऱ्या साधनाने आटे मोकळे करावेत. आटे पाडणारा टॅप घालू नये, तो धातू कापून आटे कमजोर करतो. पुन्हा हवा मारावी, आणि शेवटी पातळ काडीला टिपकागद गुंडाळून प्रत्येक भोकाच्या तळापर्यंत घालावा. तो कोरडा बाहेर आला, तरच ते भोक झाले असे समजावे. दोन्ही बाजूंची मिळून वीस भोके होतात, आणि त्यातले एकही तपासल्याशिवाय सोडू नये.

लिफ्टर ऑइलमध्ये बुडवून ठेवलेले असावेत. ते नव्या ट्रेमध्ये बसवून खाली सोडावेत आणि प्रत्येक ट्रेचा बोल्ट १२ न्यूटन-मीटरला घ्यावा. हेड एकदा बसले की इथे पुन्हा हात पोहोचणार नाही.

ब्लॉकवरचे मार्गदर्शक डॉवेल (हेड नेमक्या जागी बसवणाऱ्या खुंट्या) जागेवर आहेत का आणि एखादा जुन्या हेडमध्ये अडकून तर गेला नाही ना, हे पाहावे. गॅस्केट कोरडेच घालावे, त्यावर कोणतेही सीलंट लावू नये. त्यावर पुढची बाजू छापलेली असते आणि ती दोन्ही बाजूंना इंजिनाच्या पुढच्या टोकाकडेच यायला हवी. पुढच्या आणि मागच्या पाण्याच्या वाटा सारख्या नाहीत. गॅस्केट उलटे बसले तर बोल्ट सगळे जातात, इंजिनही सुरू होते, पण पाण्याचा प्रवाह बिघडून ते तापत राहते. हेड वरून सरळ, डॉवेलवर एकदाच टेकवावे, ते गॅस्केटवर सरकवू नये.

या इंजिनाचे एम११ बोल्ट ताणून लांबणारे आहेत. ठरलेल्या कोनातून फिरवल्यावर त्यांचे पोलाद आपली लवचिकतेची मर्यादा किंचित ओलांडते आणि त्या अवस्थेत ते सर्वांत एकसारखा दाब देते. एकदा लांबलेला बोल्ट पुन्हा वापरला, तर तो तेवढा दाब देत नाही किंवा तुटतो. टॉर्कऐवजी कोन मोजण्याचे कारणही हेच आहे. आट्यांमधले घर्षण प्रत्येक बोल्टला वेगळे असते आणि टॉर्क रेंचचा बराचसा आकडा त्या घर्षणातच खर्च होतो, पण बोल्ट किती फिरला यावरून तो किती ताणला गेला हे नेमके कळते.

२००३ पर्यंतच्या एलएस१ मध्ये प्रत्येक हेडला दहा एम११ बोल्ट असतात, त्यांतले आठ लांब आणि पुढच्या व मागच्या टोकाचे दोन आखूड. मधल्या बोल्टापासून सुरुवात करून चकलीसारखे बाहेर जात सगळे बोल्ट आधी ३० न्यूटन-मीटरला घ्यावेत. त्याच क्रमाने दुसऱ्या फेरीत प्रत्येक बोल्ट ९० अंश फिरवावा. तिसऱ्या फेरीत लांब बोल्ट आणखी ९० अंश आणि दोन आखूड बोल्ट फक्त ५० अंश फिरवावेत. २००४ पासूनच्या ब्लॉकमध्ये सगळे बोल्ट एकाच लांबीचे आले आणि तिथे शेवटची फेरी ७० अंशांची आहे. जुन्या गाडीत नवा ब्लॉक बसवलेला असण्याची शक्यता असते, तेव्हा हातातले बोल्ट पाहून खात्री करावी. प्रत्येक फेरीपूर्वी बोल्टच्या माथ्यावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढावी आणि कोन मोजणारी तबकडी लावावी. शेवटच्या फेरीत पाना जड जातो आणि बोल्ट करकरतो. तेव्हा हिसके न देता, लांब दांड्याने एकाच संथ ओढीत कोन पुरा करावा. बोल्ट मध्येच हलका झाला, तर तो तुटत आला आहे. तो काढून नवा घालावा.

आतल्या कडेच्या पाच एम८ बोल्टांच्या आट्यांना मध्यम ताकदीचे थ्रेडलॉक लावून मधून बाहेर जात ते ३० न्यूटन-मीटरला घ्यावेत. या बोल्टांना इंजिन तापल्यावर पुन्हा आवळण्याची गरज नसते आणि तसे करूही नये.

बाकीची जोडणी आणि पहिली सुरुवात

रॉकरचे बोल्ट त्या-त्या सिलिंडरचा कॅम मूळ वर्तुळावर असताना ३० न्यूटन-मीटरला घ्यावेत. इनटेक मॅनिफोल्ड दोन टप्प्यांत, आधी ५ आणि मग १० न्यूटन-मीटर, एवढ्यावरच थांबावे, कारण ते प्लॅस्टिकचे आहे. स्पार्क प्लग १५ न्यूटन-मीटरला. क्रँकची पुली आधी जुन्या बोल्टने ३३० न्यूटन-मीटर लावून पूर्ण आत ओढावी, तो बोल्ट काढावा, आणि मग नवा बोल्ट ५० न्यूटन-मीटर लावून वर १४० अंश फिरवावा. यासाठी फ्लायव्हील अडवून धरणारे साधन लागते.

नवे ऑइल आणि फिल्टर घालून, इंधन पंपाचा फ्यूज आणि इग्निशन कॉइलची जोडणी काढून, दहा-दहा सेकंदांच्या टप्प्यांत स्टार्टर फिरवावा आणि ऑइलच्या काट्याने दाब दाखवल्यावरच थांबावे. रोलर कॅमला जुन्या सपाट टॅपेटसारखे (बिनरोलरच्या लिफ्टरसारखे) जास्त आरपीएमवर वीस मिनिटे चालवून बसवावे लागत नाही. मात्र संगणकात नव्या कॅमला जुळणारे प्राथमिक ट्यून (इंजिन चालवण्याच्या आकड्यांची मांडणी) आधीच भरलेले हवे, नाहीतर निष्क्रिय गतीचा आणि इंधनाचा हिशेब चुकून इंजिन बंद पडत राहते.

इंजिन सुरू झाल्यावर पहिल्या काही सेकंदांतली लिफ्टरची टकटक तेल भरताच थांबायला हवी. ती एखाद्याच जागेवरून मिनिटभराने चालूच राहिली, तर इंजिन बंद करून त्या रॉकरची आणि पुशरॉडची तपासणी करावी. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत तापमानाच्या काट्यावरची नजर हटवू नये, आणि दोन्ही हेडांच्या खालच्या कडांवर टॉर्च मारून ओलावा येतो का ते पाहावे. इंजिन रात्रभर थंड झाल्यावर कूलंटची पातळी पुन्हा पाहावी. पहिल्या भरणीनंतर ती थोडी उतरते, पण ती भरल्यानंतरही रोज उतरत असेल किंवा काही सेकंदच चाललेल्या थंड इंजिनाची वरची नळी फुगून कडक होत असेल, तर जळलेला वायू पाण्यात शिरत आहे आणि हेड पुन्हा उतरवावे लागेल. सारे ठीक असेल, तर ८०० किलोमीटरनंतर ऑइल आणि फिल्टर बदलावेत, जुना फिल्टर कापून पाहावा आणि कॉम्प्रेशन पुन्हा मोजून ते सुरुवातीला लिहून ठेवलेल्या आकड्यांशेजारी नोंदवावे. लांब कॅममुळे सगळेच आकडे थोडे खाली आलेले दिसतील. पण आठांपैकी एकच सिलिंडर इतरांपेक्षा वेगळा खाली गेला असेल, तर गळतीची चाचणी त्यावर आधी करावी.